विद्यापीठाच्या आवारातील नेटवर्कचे नूतनीकरण : आधी वाय-फाय की आधी जमिनीखालचे काम?

कौलारू (धागालेखक)

नमस्कार. मी महाराष्ट्रातील एका सार्वजनिक विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवतो आणि आवारातील संगणक नेटवर्कच्या नूतनीकरणासाठी नेमलेल्या समितीचा सदस्य आहे. निधी मंजूर झाला आहे, मसुदा तयार आहे आणि पुढच्या बैठकीनंतर तो खरेदी समितीकडे जाईल. मसुद्यातील बहुतांश रक्कम नव्या अ‍ॅक्सेस पॉइंटांसाठी (वाय-फाय देणारी उपकरणे) आणि मोठ्या क्षमतेच्या फायरवॉलसाठी (बाहेरचा धोका अडवणारे उपकरण) राखलेली आहे. इमारतींना जोडणारी फायबर (काचेच्या तंतूंची केबल), तिची डक्ट (ती ज्यातून जाते ती नळी), रॅकची (उपकरणांच्या कपाटाची) वीज, अर्थिंग आणि बॅटऱ्या हे सारे ‘संकीर्ण’ या एका शीर्षाखाली शेवटच्या पानावर गेले आहे. माझ्या मते हा क्रम उलटा आहे आणि तो तसाच राहिला तर पैसे खर्च होऊनही तक्रारी त्याच राहतील. ज्यांनी अशी कामे केली आहेत किंवा जवळून पाहिली आहेत, त्यांची मते मसुदा पक्का होण्यापूर्वी हवी आहेत.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. आपल्याकडे शिक्षणसंस्थांचे जाळे सरकारी पुढाकारातून उभे राहिले. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हे शिक्षण व संशोधन संस्थांचे नेटवर्क सुरू केले. मुंबईत जुहूला असलेले एनसीएसटी (राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र) हे त्यातील एक प्रमुख केंद्र होते आणि तिथूनच १९८९ च्या सुमारास अमेरिकेकडे ९.६ केबीपीएसची लाइन जोडली गेली. विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या इन्फ्लिबनेटची सुरुवात १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत एक प्रकल्प म्हणून झाली. २००२ मध्ये विद्यापीठांना जोडणारे यूजीसी-इन्फोनेट आले, २००९ मध्ये माहिती तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान आले आणि मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्यास, म्हणजे एनकेएनला, मंजुरी मिळाली. त्यामुळे अनेक विद्यापीठांच्या दारापर्यंत एक जीबीपीएसची (सेकंदाला शंभर कोटी बिट) जोडणी बऱ्याच वर्षांपूर्वी येऊन पोहोचली आहे. अडचण दाराच्या आत आहे.

आमच्या एका विज्ञान विभागाचे उदाहरण घ्या. तिथला रॅक जिन्याखाली आहे. संगणक केंद्राकडून येणारी जुनी मल्टिमोड (जाड गाभ्याची, कमी अंतराची) फायबर तिथे एका मीडिया कन्व्हर्टरमध्ये (प्रकाशाचे संदेश विजेच्या संदेशांत बदलणारी डबी) शिरते. हा कन्व्हर्टर रॅकच्या बाजूच्या पत्र्याला तारेने बांधलेला आहे, कारण त्याच्यासाठी ट्रे कधी बसवलाच नाही. त्याचा अ‍ॅडाप्टर एका एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेला आहे आणि त्याच बोर्डावर बाहेरच्या पाण्याच्या कूलरचीही पिन आहे. कूलर दुरुस्तीला आलेला माणूस ज्या दिवशी चुकीची पिन काढतो, त्या दिवशी तीन मजल्यांचे इंटरनेट बंद पडते आणि तक्रार मात्र ‘वाय-फाय चालत नाही’ अशी नोंदवली जाते. शिवाय हा कन्व्हर्टर १०० एमबीपीएसचा, म्हणजे एक जीबीपीएसच्या दशांश वेगाचा आहे. म्हणजे संगणक केंद्रात एक जीबीपीएस असो वा दहा, या इमारतीला तिचा वाटा शंभराच्या वर मिळणारच नाही. १०० जीबीची प्रयोगाची फाइल आणायची झाली तर शंभर एमबीपीएसने, मध्ये दुसरे कोणीही नसताना, सव्वादोन तास लागतात. एक जीबीपीएसने पंधरा मिनिटांच्या आत काम होते. अशा इमारतीत वाय-फाय ६ चे वीस नवे अ‍ॅक्सेस पॉइंट लावून काय साधणार?

जुन्या फायबरचाही प्रश्न आहे. ६२.५ मायक्रॉनची जी मल्टिमोड फायबर त्या काळी घातली गेली, तिच्यावर एक जीबीपीएस जेमतेम पावणेतीनशे मीटरपर्यंत आणि दहा जीबीपीएस सुमारे तेहतीस मीटरपर्यंतच जाते. आमच्या दोन इमारतींमधील अंतर याच्या कितीतरी पट आहे. सिंगलमोड (बारीक गाभ्याच्या) फायबरवर साध्या मॉड्यूलनेही दहा जीबीपीएस दहा किलोमीटर जाते. खणण्याचा आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च काचेच्या खर्चापेक्षा जास्त असतो, त्यामुळे एकदा चर खणला की सहा कोअरऐवजी (कोअर म्हणजे केबलमधील एकेक तंतू) चोवीस कोअर घालणे आणि शेजारी एक रिकामी डक्ट टाकून ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.

आमच्या काही जोड-इमारतींमध्ये अजून तांब्याची केबल भिंतीवरून, झाडाच्या आधाराने गेलेली आहे. मे महिन्यात वळवाचा पाऊस विजांसह येतो आणि त्या आठवड्यात कुठले ना कुठले स्विच (अनेक केबल एकत्र जोडणारी उपकरणे) जळतात. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असला की तांबे तो फरक थेट उपकरणापर्यंत नेते. काचेतून वीज वाहत नाही. एवढे सरळ कारण असूनही दरवर्षी स्विच बदलले जातात आणि केबल तशीच राहते.

तर प्रश्न असे : जमिनीखालच्या कामाला पहिला क्रम द्यावा हे समितीला पटवून देण्यासाठी कोणते मुद्दे मांडावेत? आणि त्या कामाची निविदा काढताना कोणत्या अटी अजिबात सोडू नयेत?

दगडीचाळ

मी एका शैक्षणिक संस्थेच्या नेटवर्क विभागात काम करतो. आपला क्रम योग्य आहे आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे थोडे तपशिलात आहे.

फायबर घालण्याच्या कामात ठेकेदाराचे बिल मीटरवर निघते, त्यामुळे चर उथळ खणण्याचा मोह फार असतो. खोली किती, हे निविदेत स्पष्ट लिहा आणि चर बुजवण्यापूर्वी स्थापत्य विभागाच्या अभियंत्याने मोजमाप घेऊन छायाचित्रासह नोंद केल्याशिवाय पुढील टप्पा सुरू होणार नाही, अशी अट घाला. दूरसंचार खात्याच्या जुन्या कामांत दीड मीटरहून अधिक खोली असे. आवारात खडक लागला तर तेवढी मिळत नाही. अशा ठिकाणी जीआय (जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडाचा) पाइप किंवा काँक्रीटचे आच्छादन मागावे. चाळीस मिलिमीटरची पीएलबी डक्ट (आतून गुळगुळीत प्लास्टिकची नळी), वर इशारा देणारी पट्टी, प्रत्येक वळणावर चेंबर आणि जमिनीवर मार्गदर्शक खुणेचे दगड या चार गोष्टी नसतील, तर बागेसाठी किंवा जलवाहिनीसाठी येणारा पुढचा जेसीबी तुमची फायबर नक्की तोडेल. चेंबरमध्ये डक्टची तोंडे बंद करायला विसरू नका. घुशी डक्टमध्ये शिरतात, केबल कुरतडतात आणि तुटीची जागा शोधताना दिवस जातो.

प्रत्येक कोअरचा ओटीडीआर (प्रकाश सोडून तंतूतील दोष दाखवणारे यंत्र) अहवाल दोन्ही टोकांकडून हवा आणि तो आल्याशिवाय अंतिम देयक देऊ नये. ‘लिंक लागली’ म्हणजे काम झाले, असे मानू नये. सांधा वाईट बसला असेल तर लिंक आज लागते आणि पावसाळ्यात चेंबरमध्ये पाणी भरल्यावर त्रास सुरू होतो. चांगल्या फ्युजन (तंतू वितळवून केलेल्या) सांध्यात ०.१ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून कमी हानी होते. अहवालात एखाद्या सांध्यावर अर्धा डेसिबल दिसला तर तो सांधा परत करून घ्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा. कोणती केबल कोणत्या चेंबरमधून जाते, कोणता कोअर कोणत्या पॅच पॅनेलच्या (तंतू जिथे येऊन थांबतात ती पट्टी) कोणत्या पोर्टवर (खाचेवर) उतरतो, हे कागदावर आणि संगणकावर दोन्हीकडे असले पाहिजे. मी पाहिलेल्या बहुतेक आवारांत हा नकाशा एका तंत्रज्ञाच्या डोक्यात असतो आणि तो निवृत्त झाला की नकाशाही जातो.

रचना वर्तुळाकार ठेवा. प्रत्येक मोठ्या इमारतीला दोन वेगळ्या वाटांनी फायबर पोहोचली पाहिजे. एकाच चरातून दोन केबल नेल्या आणि त्यांना पर्यायी मार्ग म्हटले, तर जेसीबीचे एकच पाते दोन्ही तोडते.

विजेबद्दल एक हिशेब आपल्या समितीपुढे जरूर ठेवा. नव्या अ‍ॅक्सेस पॉइंटांना बहुधा पीओई प्लस (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याची पद्धत) लागते, म्हणजे स्विचच्या एका पोर्टवर ३० वॅटपर्यंत. चोवीस पोर्टांवर ते ७२० वॅट होतात. बाजारात मिळणाऱ्या अनेक चोवीस पोर्टांच्या स्विचांची पीओईची एकूण क्षमता ३७० वॅटच्या आसपास असते. हे न पाहता खरेदी झाली तर बारा-तेरा उपकरणांनंतरची उपकरणे पूर्ण क्षमतेने चालणार नाहीत, आणि जिन्याखालचा जुना यूपीएस तर तेवढेही पेलणार नाही.

वसतिगृह_खोली

मी संशोधक विद्यार्थिनी आहे. वरील दोन्ही प्रतिसाद वाचून शिकायला मिळाले, तरीही एक असहमती आदरपूर्वक नोंदवते. ‘आधी जमिनीखालचे काम’ हे तत्त्व म्हणून बरोबर असेल, पण प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा होतो की प्रशासकीय इमारत आणि मुख्य विभाग पहिल्या टप्प्यात येतात आणि वसतिगृहे तिसऱ्या टप्प्यात जातात. तिसऱ्या टप्प्यापर्यंत निधी उरत नाही. आम्ही वर्षानुवर्षे स्वतःच्या मोबाइल डेटावर प्रबंधाचे काम करतो. ज्यांच्या घरून महिन्याला मोजके पैसे येतात, त्यांना हा भुर्दंड लहान नाही.

माझे काम संगणकीय रसायनशास्त्रातील आहे. राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग अभियानाखाली पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. अशा यंत्रावर काम पाठवायचे तर एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्याची पद्धत) जोडणी करावी लागते. विभागातून ती होते, पण वसतिगृहाच्या नेटवर्कवरून त्यासाठीचे पोर्टच (जोडणीची क्रमांकित वाट) बंद ठेवलेले आहे. गणित रात्री दोनला थांबले तर ते पुन्हा सुरू करण्यासाठी सकाळी प्रयोगशाळा उघडण्याची वाट पाहावी लागते. ‘विद्यार्थी गैरवापर करतील’ हे कारण दिले जाते. गैरवापर रोखायलाच हवा, पण संशोधनाचे साधनच बंद करून तो रोखणे योग्य नाही. वसतिगृह हे विद्यार्थ्याचे घर तर आहेच, शिवाय संध्याकाळी सहानंतर आमची प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि वर्गही तेच असते. त्यामुळे कौलारू सरांना विनंती आहे की फायबरचे पहिले वर्तुळ आखतानाच वसतिगृहे त्यात घ्यावीत.

दगडीचाळ

ताई, आपला मुद्दा पूर्ण मान्य आहे. वापराच्या आलेखाकडे पाहिले तर कोणत्याही निवासी आवारात रात्रीचा भार वसतिगृहांतूनच येतो, त्यामुळे तांत्रिक दृष्टीनेही ती पहिल्या वर्तुळात हवीत.

मात्र वसतिगृहातले वाय-फाय हे सगळ्यांत अवघड काम आहे आणि तिथे घाई झाली की पैसा वाया जातो. नेहमी केली जाणारी रचना अशी की व्हरांड्याच्या छताला दर पंधरा-वीस मीटरवर एक अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचा. व्हरांड्यात सगळे अ‍ॅक्सेस पॉइंट एकमेकांना स्पष्ट ऐकू येतात आणि एकमेकांच्या लहरींत अडथळा आणतात. खोलीतल्या विद्यार्थ्याला मात्र विटांच्या दोन भिंती आणि लोखंडी कपाट पार करून येणारा क्षीण संदेश मिळतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींत जास्त क्षीण होतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल आहेत, आणि त्यांवर विद्यार्थ्यांचे हॉटस्पॉट आधीच बसलेले असतात. म्हणून कमी शक्तीची उपकरणे खोल्यांच्या आत, एकाआड एक खोलीत, भिंतीवर लावणे आणि चॅनेलची रुंदी वीस मेगाहर्ट्झवर ठेवणे हे अधिक चांगले चालते. यात केबल वाढते, खर्च वाढतो, पण तो कामी येतो. केबल कॅट ६ए दर्जाची घ्या. कॅट ६ वर दहा जीबीपीएस पन्नासेक मीटरपर्यंतच खात्रीने जाते, ६ए वर शंभर मीटर.

दुसरे, वसतिगृहातल्या स्विचांवर संरक्षणाची मूलभूत रचना पहिल्या दिवसापासून सुरू हवी. एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे एका रात्री एका वसतिगृहातील निम्म्या विद्यार्थ्यांचे इंटरनेट गेले. ज्यांचे गेले, त्या सगळ्यांच्या यंत्रांवर १९२.१६८.० ने सुरू होणारा पत्ता दिसत होता आणि आमच्या संस्थेत तो पत्ता कुठेच वापरात नव्हता. एका विद्यार्थ्याने घरगुती राउटर आणून भिंतीतल्या पोर्टची केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पोर्टऐवजी लॅन (आतल्या जोडणीच्या) पोर्टमध्ये लावली होती. तो राउटर शेजाऱ्यांनाही पत्ते वाटू लागला. त्या मुलाने सिग्नल मिळत नाही म्हणून स्वतःपुरती सोय केली होती. त्यात खोडसाळपणा नव्हता. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (अनोळखी उपकरणाला पत्ते वाटू न देणारी सोय) सुरू असते तर हे घडले नसते. तसेच एकाच केबलची दोन्ही टोके भिंतीतल्या दोन पोर्टांत लावली गेली तर लूप पडतो (संदेश गोल फिरत राहतात) आणि सारी इमारत बंद होऊ शकते. बीपीडीयू गार्ड (लूप ओळखणारी सोय) असेल तर तेवढे पोर्टच बंद होते. या सुविधा व्यवस्थापनक्षम स्विचमध्ये असतात, पण त्या सुरू करून देणे हे काम निविदेत लिहिलेले नसते, म्हणून कोणी करत नाही.

पोर्ट बंद ठेवण्याबद्दल : एसएसएच बाहेर जाऊ देण्यात धोका फारसा नाही. व्यक्तीची ओळख पटवून प्रवेश दिला की कोणत्या वेळी कोण जोडले होते याची नोंद राहते आणि सरसकट बंदीची गरज उरत नाही.

पोथीशाळा

ग्रंथपाल म्हणून एक बाजू मांडते, जी अशा समित्यांत फारशी चर्चिली जात नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेस मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे, तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना खुली झाली आहेत आणि समन्वयाचे काम इन्फ्लिबनेटकडे आहे. राज्य विद्यापीठांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पूर्वी ज्या नियतकालिकांची नावे आम्ही विभागांच्या मागणीपत्रात वाचत होतो आणि वर्गणीच्या आकड्यापाशी थांबत होतो, ती आज उघडतात.

परंतु ती कोणाला उघडतात? पुष्कळ प्रकाशक संस्थेच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरील क्रमांकित पत्ता) वाचक ओळखतात. नूतनीकरणात जोडणीचा पुरवठादार बदलला, नवा पत्ता आला आणि तो ग्रंथालयाला कळवलाच नाही, तर दुसऱ्या दिवशी सगळी नियतकालिके बंद होतात. आमच्याकडे प्राध्यापकांचे फोन ग्रंथालयात येतात, संगणक केंद्रात जात नाहीत. त्यामुळे पत्त्यांत बदल करण्यापूर्वी ग्रंथालयाला लेखी कळवणे ही प्रकल्पातील एक पायरी म्हणून लिहून ठेवावी.

याहून महत्त्वाचे म्हणजे आवाराबाहेरचा वाचक. क्षेत्रकामासाठी गडचिरोलीत गेलेला विद्यार्थी किंवा बाळंतपणासाठी माहेरी गेलेली संशोधक आयपी पत्त्याच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी इन्फ्लिबनेटच्या इन्फेड या संघात सामील होऊन विद्यापीठाच्या स्वतःच्या नाव-सांकेतिक शब्दाने प्रवेश देता येतो. अट एवढीच की विद्यापीठाकडे सर्व विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांची एक अद्ययावत ओळख-सूची हवी. आमच्याकडे प्रवेश विभागाची सूची वेगळी, वसतिगृहाची वेगळी, वाय-फायची वेगळी आणि ग्रंथालयाची वेगळी आहे. एकच विद्यार्थिनी चार ठिकाणी चार स्पेलिंगांनी नोंदलेली सापडते. फायबरच्या जोडीने ही एक सूची तयार करण्याचे काम पहिल्या टप्प्यात घ्यावे, कारण त्याला पैसा कमी आणि वेळ जास्त लागतो.

कालव्याकाठी

पोथीशाळा यांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. मी नेदरलँड्समधील एका विद्यापीठात काम करतो. एड्युरोमची, म्हणजे आपल्याच संस्थेच्या खात्याने दुसऱ्या विद्यापीठाचे वाय-फाय वापरण्याची, कल्पना याच देशातून २००२ च्या सुमारास पुढे आली आणि आज ती जगभर पसरली आहे. भारतात एड्युरोमचे काम अर्नेट पाहते, त्यामुळे आपल्या विद्यापीठांना ती सुविधा घेता येते. विद्यार्थी स्वतःच्या संस्थेचे नाव जोडलेले खाते वापरतो. दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर तिथले उपकरण ती विचारणा रेडियस (ओळख तपासणाऱ्या) सर्व्हरांच्या साखळीतून त्याच्या मूळ संस्थेकडे पाठवते आणि तिचा होकार आला की प्रवेश मिळतो. सांकेतिक शब्द यजमान संस्थेला दिसत नाही. मी सुट्टीत भारतात आलो असताना एका संस्थेच्या आवारात फोन खिशातच असताना जोडला गेला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

हे करण्यासाठी ८०२.१एक्स पद्धतीची (प्रत्येकाच्या स्वतंत्र खात्यावरून होणारी) ओळख-तपासणी लागते, आणि ती तशीही स्वीकारायलाच हवी. पुष्कळ आवारांत अजून फोनचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) नोंदवून प्रवेश देतात. २०१९ च्या अँड्रॉइड १० आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता वापरतात, त्यामुळे ती नोंदणी निरुपयोगी झाली आहे. एक खबरदारी मात्र आवर्जून घ्यावी. फोनवर जोडणी करताना सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासले जाईल अशीच रचना विद्यार्थ्यांना करून द्यावी. ‘प्रमाणपत्र तपासू नका’ असा सोपा सल्ला सूचनाफलकावर लावला, तर त्याच नावाचे खोटे वाय-फाय उभारून कोणीही सांकेतिक शब्द गोळा करू शकतो.

उत्तरपत्रिका

मी परीक्षा विभागातून निवृत्त झालो. नेटवर्कचा विषय निघाला की मला २०१७ चा उन्हाळा आठवतो. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी उत्तरपत्रिकांचे मूल्यांकन संगणकाच्या पडद्यावर करण्याचा निर्णय घेतला. लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, त्या महाविद्यालयांतील संगणकांवर पाठवायच्या आणि प्राध्यापकांनी तिथे बसून तपासायच्या, अशी पद्धत होती. ती एकाच सत्रात जवळपास सर्व विद्याशाखांना लागू झाली. निकाल महिनोन्‌महिने लांबले, परदेशी किंवा अन्य राज्यांत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे हाल झाले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पद्धत वाईट नव्हती. आज ती अनेक विद्यापीठांत रुळली आहे. एका लहान विद्याशाखेवर एक सत्र चालवून पाहण्याइतका वेळ तिला मिळायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

आता परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिकाही ऑनलाइन येते. केंद्रावर ठरलेल्या वेळी ती उतरवून घ्यायची, छापायची आणि वर्गात वाटायची. त्या अर्ध्या तासात जोडणी गेली तर पुढे काय होते, ते केंद्रप्रमुखालाच ठाऊक. त्यामुळे कौलारू यांनी मसुद्यात दोन अटी घालाव्यात, असे सुचवतो. परीक्षा विभागाला आणि आवारातील परीक्षा केंद्रांना दुसऱ्या पुरवठादाराची, दुसऱ्या वाटेने येणारी जोडणी असावी, आणि परीक्षांच्या काळात नेटवर्कवर कोणताही बदल करण्यास मनाई असावी. मोठ्या संस्थांत बदलांसाठी वेळापत्रक असते. आपल्याकडे ठेकेदाराचा माणूस मोकळा झाला की तो येतो आणि कोअर (मुख्य) स्विच बदलतो, मग त्या दिवशी परीक्षा असो वा नसो.

जमाखर्च

लेखा विभागाच्या बाजूने तीन गोष्टी, संक्षेपाने.

योजनेचा निधी भांडवली असतो. त्यातून उपकरण येते. त्याची पुढची देखभाल, परवाने आणि माणसाचा पगार येत नाही. काही कंपन्यांचे क्लाउडवरून चालणारे अ‍ॅक्सेस पॉइंट परवान्याची मुदत संपल्यावर काम करणे थांबवतात. निविदेत पाच वर्षांचे परवाने आणि हमी उपकरणाच्या किमतीतच मागा, म्हणजे त्याचा भार भांडवली निधीवर पडेल. सर्वांत कमी दर ठरवताना पाच वर्षांचा एकूण खर्च धरला जाईल, हेही निविदेत आधीच लिहा. नंतर तसे करता येत नाही आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघतो.

दुसरे, जुन्या उपकरणांचे निर्लेखन (नोंदवहीतून अधिकृतपणे काढून टाकणे). डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत जे स्विच आहेत, ते प्रत्यक्ष रॅकमध्ये आहेत का याची पडताळणी नवीन खरेदीपूर्वी करा. निर्लेखन झाले नाही म्हणून बंद पडलेली उपकरणे रॅकमध्येच राहतात, वीज खातात आणि नव्यांना जागा मिळत नाही.

तिसरे, आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) नेटवर्क अभियंत्याचे पद नसेल तर कंत्राटी तंत्रज्ञावर सारे चालते आणि तो अकरा महिन्यांनी जातो. व्यवस्थापन परिषदेपुढे खरेदीच्या प्रस्तावासोबतच पदाचा प्रस्ताव ठेवा. वेगवेगळे ठेवले तर खरेदी मंजूर होते आणि पद मागे राहते.

दगडीचाळ

आणखी एक कायदेशीर बाब राहिली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवावी लागते, यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस भारतातच जतन कराव्या लागतात आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली असावी लागतात. आवारातले हजारो लोक मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागून बाहेर जातात. ‘अमुक वेळी अमुक पत्त्यावरून कोण जोडले होते’ असे पोलिसांचे पत्र आले, तर नॅटच्या (अनेकांना एकच सार्वजनिक पत्ता वापरू देणारी यंत्रणा) नोंदीत वेळ आणि पोर्ट क्रमांक दोन्ही असल्याशिवाय उत्तर देता येत नाही, आणि मग संशय साऱ्या वसतिगृहावर येतो. नोंदी साठवण्यासाठीचा सर्व्हर आणि डिस्क मसुद्यात आहेत का, ते पाहा. त्या नोंदी कोण पाहू शकेल, याचाही लेखी नियम हवा. विद्यार्थ्यांच्या खासगीपणाचा तो प्रश्न आहे.

कौलारू (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेतून मसुद्यात पुढील बदल सुचवायचे मी ठरवले आहे. फायबरचे वर्तुळ, रॅकची वीज आणि अर्थिंग हा स्वतंत्र पहिला टप्पा असेल आणि त्यात वसतिगृहांना विभागांच्या बरोबरीने स्थान असेल. ‘वसतिगृह_खोली’ यांनी मांडलेला मुद्दा मी त्यांच्याच शब्दांत समितीपुढे वाचणार आहे. अ‍ॅक्सेस पॉइंटांची खरेदी दोन भागांत होईल : एका वसतिगृहात खोल्यांच्या आत लावून एक सत्र चालवून पाहायचे आणि त्यानंतर उरलेली मागणी नोंदवायची. ओटीडीआर अहवाल, प्रत्यक्ष कामाचा नकाशा आणि स्विचांवरील संरक्षणाची रचना या देयकाच्या अटी असतील. ओळख-सूचीसाठी ग्रंथालय, प्रवेश विभाग आणि संगणक केंद्र यांची उपसमिती याच महिन्यात नेमता येईल, कारण तिला निविदा लागत नाही. फायरवॉलची क्षमता मात्र कमी करता येईल असे वाटते. जोडणी एक जीबीपीएसची असताना त्याच्या कितीतरी पट क्षमतेची फायरवॉल मागितली आहे. तिथे वाचणाऱ्या रकमेतून डक्ट आणि बॅटऱ्या सहज बसतात.

एक शंका शिल्लक आहे. वर्तुळाची एक बाजू आवारातील ओढ्यावरून जाते आणि पुलाच्या कठड्याला बांधून केबल नेण्याचा पर्याय स्वस्त दिसतो. तसे करावे का?

दगडीचाळ

कठड्याला उघडी बांधू नका. उन्हाने आवरण ठिसूळ होते आणि पुलाची डागडुजी निघाली की कामगार पहिल्यांदा तीच कापतात. पुलाच्या बाजूने जीआय पाइप पक्क्या क्लॅम्पने बसवा, त्यातून डक्ट न्या, दोन्ही टोकांना चेंबर करा आणि चेंबरमध्ये दहा-पंधरा मीटर केबलचे वेटोळे राखून ठेवा. ओढ्याला पूर येत असेल तर पाइप पुलाच्या ज्या बाजूने पाणी येते तिकडे न लावता, ज्या बाजूने ते पुढे जाते तिकडे लावा, म्हणजे वाहून येणारी झाडे त्यावर आदळणार नाहीत. पुलाचे काम कोणत्या खात्याकडे आहे ते पाहून परवानगीचे पत्र मात्र आजच टाका. खणण्यापेक्षा त्यालाच जास्त वेळ लागेल.